खानदेशाच्या गुणपत्रिकेवर खानदेशाचे नाव यायला १३३ वर्षे का लागली?

जळगावहून धुळ्याकडे निघालेल्या बसच्या खिडकीतून, बांभोरीजवळ, महामार्गालगत एका विद्यापीठाचे नाव दिसते. ते इतके लांब आहे की बस पुढे जाईपर्यंत वाचून पुरे होत नाही: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. वर्तमानपत्रांनी त्याचे ‘कबचौउमवि’ केले. विद्यार्थी जुन्या सवयीने अजून ‘उमवि’च म्हणतात. आणि ज्या बाईंचे नाव या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीवर छापले जाते, त्या बाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते.

हा थ्रेड त्या विद्यापीठाविषयी आहे. त्याची स्थापना १५ ऑगस्ट १९९० ची. परंतु गोष्ट तिथून सुरू केली तर ती एका सरकारी निर्णयाची गोष्ट होऊन बसते. ती बरीच आधी, १८५७ मध्ये, सुरू होते.

त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे निघाली. तिघांपुढे नमुना होता लंडन विद्यापीठाचा. विद्यापीठ म्हटले की आज डोळ्यांपुढे वर्ग, ग्रंथालय, वसतिगृह असे चित्र येते. ते येथे बाजूला ठेवावे लागेल. ही विद्यापीठे आरंभी शिकवत नव्हती. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, निकाल लावायचा आणि पदवी द्यायची. महाविद्यालयाने विद्यापीठाशी जोडून घ्यायचे, म्हणजे ‘संलग्न’ व्हायचे. भारतातील सार्वजनिक विद्यापीठाचा स्वभाव या एका शब्दात आहे, आणि खानदेशाची पुढची सारी ओढाताणही त्याच शब्दात आहे. संलग्न व्हायचे ते कोणाशी, आणि किती लांबच्या?

तेव्हाचा खानदेश हा एकच प्रचंड जिल्हा होता, मुख्य ठाणे धुळे. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा करताना मालेगाव, बागलाण, नांदगाव हे तालुके खानदेशातून काढून तिकडे जोडले गेले. (ही रेघ लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा येणार आहे.) १९०६ मध्ये उरलेल्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले: पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर या दोन जिल्ह्यांना त्यांच्या शहरांची नावे मिळाली आणि ‘खानदेश’ हे नाव सरकारी कागदांतून जवळजवळ उठले. लोकांच्या बोलण्यातून मात्र ते कधीच गेले नाही.

कापूस होता, गिरण्या होत्या, भुसावळसारखे रेल्वेचे मोठे जंक्शन होते. पदवीचे शिक्षण मात्र हवे असेल तर वाट पुण्या-मुंबईची. ही परिस्थिती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत होती. पण म्हणून या प्रदेशात विद्या नव्हती असे म्हणणे मोठी चूक ठरेल. विद्यापीठ नसतानाही येथे दोन ठिकाणी जे काम चालले होते, ते पुष्कळ विद्यापीठांना हेवा वाटावा असे होते.

पहिले ठिकाण अमळनेर. बोरी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. तेथे १९०६ मध्ये प्रताप मिल निघाली. मिलचे मालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये चक्क तत्त्वज्ञानाची संस्था काढली: तत्त्वज्ञान मंदिर. कापडाच्या नफ्यातून वेदान्ताचे संशोधन, हे समीकरण आज विलक्षण वाटते. पण तेव्हा देशाच्या निरनिराळ्या भागांतून अभ्यासक येथे फेलो म्हणून येऊन राहत. कृष्णचंद्र भट्टाचार्य हे आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानातील फार मोठे नाव. १९३० च्या दशकात ते काही काळ या संस्थेचे संचालक होते. घनश्यामदास मलकानी यांनी तर आयुष्याची कित्येक वर्षे येथेच काढली. संस्थेचे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक अमळनेरहून निघे आणि देशभरच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्या टेबलावर जाई. त्या प्राध्यापकांपैकी किती जणांना नकाशावर अमळनेर दाखवता आले असते, हा प्रश्न वेगळा.

याच तत्त्वज्ञान मंदिरात पांडुरंग सदाशिव साने नावाचा एक तरुण अभ्यासासाठी आला. येथले शांत चिंतन त्याला फार काळ मानवले नाही. १९२४ मध्ये तो गावातल्याच प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि वसतिगृहातल्या मुलांमध्ये रमला. साने गुरुजी घडले ते असे, एका संशोधनसंस्थेकडून शाळेकडे जाताना. १९३० मध्ये सत्याग्रहाच्या हाकेला ओ देऊन ते शाळेबाहेर पडले.

दुसरे ठिकाण धुळे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि पुढे त्याचे २२ खंड झाले. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उघडून त्यांनी हे कागद जमवले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता. परंतु आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यात होते आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. धुळेकरांनी वेळ घालवला नाही. ९ जानेवारी १९२७ ला, म्हणजे अवघ्या नऊ दिवसांत, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. राजवाड्यांनी मागे ठेवलेले कागद कोठे जाणार, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर मंडळाने दिले. त्यांचे ‘संशोधक’ हे नियतकालिक इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव समर्थ वाङ्मयाची हस्तलिखिते गोळा करत होते. सत्कार्योत्तेजक सभा आणि समर्थ वाग्देवता मंदिर ही त्यांच्या कामाची नावे. रामदासांवर गंभीर काम करणाऱ्याला धुळ्याची पायरी चढावीच लागते.

आता हे सारे एकत्र पाहिले तर एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. १९३० च्या आसपास खानदेशात तत्त्वज्ञानाची संस्था होती, इतिहासाचे संशोधन मंडळ होते, हस्तलिखितांचा संग्रह होता, नियतकालिके होती. म्हणजे विद्यापीठाचा कळस तयार होता आणि पाया नव्हता. अमळनेरचा अभ्यासक ब्रह्म आणि माया यांवर जगाशी वाद घालू शके, पण त्याच गावातल्या मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायला गाव सोडावे लागे. या संस्थांची थोरवी निर्विवाद आहे. तरीही त्या एका शेठजींच्या, एका संशोधकाच्या, एका निष्ठावंत मंडळाच्या बळावर उभ्या होत्या; शेतमजुराच्या मुलासाठी त्यांचे दार बंद नव्हते इतकेच, ते त्याच्यासाठी बांधलेले नव्हते.

१९४५ साली चित्र बदलले. अमळनेरला प्रताप महाविद्यालय आणि जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय, दोन्ही याच वर्षीची. (योगायोग असा की डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेरलाच वनस्पती तेलाची एक कंपनी नोंदवली गेली: वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचे आजचे नाव विप्रो.) ही महाविद्यालये संलग्न झाली ती अर्थातच मुंबई विद्यापीठाशी. चार वर्षांत मालक बदलला. मराठी भाषकांसाठी वेगळे विद्यापीठ असावे ही मागणी जुनी होती. तिच्यासाठी १९४२ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. जयकरच त्याचे पहिले कुलगुरू. खानदेशाच्या गुणपत्रिकेवरचे नाव मुंबईचे होते, ते पुण्याचे झाले.

पुण्याचा पसारा आरंभी बारा जिल्ह्यांचा होता. मग एकेक तुकडा सुटत गेला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि दक्षिणेचे जिल्हे तिकडे गेले. तत्पूर्वी १९५८ मध्ये मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले होते. नागपूरला ते १९२३ पासूनच होते, आणि १९८३ मध्ये अमरावतीलाही मिळाले. पुण्याकडे उरले पाच जिल्हे: पुणे, अहमदनगर, नाशिक, धुळे, जळगाव. महाराष्ट्राच्या विभागांत स्वतःचे विद्यापीठ नसलेला मोठा सलग प्रदेश कोणता, याचे उत्तर नकाशाच देत होता.

इकडे महाविद्यालये वाढत होती. १९५९ मध्ये आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीसवलत सुरू झाली आणि ज्या घरांत तोवर कोणी दहावी पाहिली नव्हती, त्या घरांतली मुले महाविद्यालयात दिसू लागली. सहकारी साखर कारखान्यांभोवती, कापूस-केळीच्या बाजारपेठांभोवती शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. शहादे, शिरपूर, चोपडे, नंदुरबार, फैजपूर. फैजपूर म्हणजे १९३६ चे काँग्रेस अधिवेशन भरले ते गाव, खेड्यात भरलेले पहिले. तेथील महाविद्यालयाला नाव आहे त्या अधिवेशनासाठी राबलेल्या धनाजी नाना चौधरींचे.

या काळातल्या खानदेशी मुलाचे पुण्याशी असलेले नाते मराठी साहित्यात एकदा कायमचे नोंदवले गेले आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीत जन्मलेले भालचंद्र नेमाडे पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९६३ मध्ये त्यांची ‘कोसला’ प्रसिद्ध झाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर गावाकडून पुण्याला शिकायला जातो आणि पुणे त्याला पचत नाही. वाचक या कादंबरीत अस्तित्ववाद शोधतात, आणि तो तिच्यात आहेही. पण ती एका साध्या शैक्षणिक भूगोलाचीही कादंबरी आहे. शिकायचे तर घर सोडायचे, आणि शिकून परत आले की घर आपले राहिलेले नसते. नेमाडे पुढे काही काळ धुळ्यातही शिकवत होते, आणि नंतर त्यांच्या नावामागे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचीही पदवी लागली.

जो गावीच राहून शिके, त्याचेही काम पुण्यावाचून अडे. गुणपत्रिकेत नाव चुकले, पुनर्मूल्यांकन हवे, स्थलांतराचा दाखला हवा, निकाल राखून ठेवला गेला. मोबाइल आणि संकेतस्थळ नसलेल्या काळात या प्रत्येक गोष्टीचा अर्थ एकतर टपालाची वाट पाहणे, नाहीतर पुणे गाठणे. जळगाव ते पुणे अंतर सुमारे ४०० किलोमीटर. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या विद्यार्थ्याला आधी नंदुरबार गाठायचे, मग पुढचा प्रवास. एका खिडकीवरच्या एका शिक्क्यासाठी दोन रात्री गाडीत आणि एक दिवसाची मजुरी बुडालेली. विद्यापीठांचे इतिहास लिहिणारे कुलगुरूंच्या नावांची यादी देतात, हा खर्च सहसा देत नाहीत.

आणखी एक अंतर होते, ते प्राध्यापकांचे. संलग्नतेच्या पद्धतीत खरी सत्ता असते अभ्यास मंडळांकडे आणि परीक्षा मंडळांकडे. कोणते पुस्तक लावायचे, प्रश्नपत्रिका कोणी काढायची, पीएच.डी.चा मार्गदर्शक कोण, हे तेथे ठरते. शहाद्याचा किंवा चाळीसगावचा प्राध्यापक त्या टेबलाशी पोहोचणे अशक्य नव्हते, पण पुण्यातल्या प्राध्यापकासाठी ते पायी जाण्याच्या अंतरावर होते. पाच जिल्ह्यांच्या विद्यापीठात मुख्यालयाचे गाव आपोआप मोठे होते. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही.

अखेर १९८९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा कायदा केला आणि १५ ऑगस्ट १९९० रोजी विद्यापीठ सुरू झाले. मुख्यालय जळगाव. पहिले कुलगुरू डॉ. नि. कृ. ठाकरे, गणिताचे अभ्यासक.

१८५७ ते १९९०. मुंबईने पहिली पदवी-व्यवस्था उभारल्यापासून ती खानदेशात पोहोचेपर्यंत १३३ वर्षे गेली.

नावातच एक गंमत आहे. ‘उत्तर महाराष्ट्र’ म्हटले की सरकारी आणि राजकीय भाषेत नाशिक आलेच. परंतु नाशिक आणि अहमदनगर पुण्याकडेच राहिले. या उत्तर महाराष्ट्रात फक्त दोनच जिल्हे आले, जळगाव आणि धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले म्हणून आज तीन म्हणायचे. म्हणजे नाव प्रदेशाचे, देह खानदेशाचा. आणि देहही पुरा नाही. १८६९ ची ती रेघ आठवावी: मालेगाव-बागलाणच्या गावांत अहिराणी बोलली जाते, सोयरिकी धुळ्या-साक्रीशी होतात, पण तेथल्या मुलाची पदवी पुण्याची. दीडशे वर्षांपूर्वी एका कलेक्टराच्या सोयीसाठी आखलेली सीमा विद्यापीठाच्या नकाशानेही पाळली.

मग खानदेश विद्यापीठ असे नाव का दिले नाही, असे आज वाटते. पण हे लक्षात घ्यावे की ‘खानदेश’ नावाचे एक मोठे टोक, बुऱ्हाणपूर, हे फारुकी सुलतानांचे राजधानीचे शहर, आज मध्य प्रदेशात आहे. जुन्या नावाला पुरा न्याय देणारी सीमा आता कोणालाच आखता येणार नाही.

नव्या विद्यापीठाला जागा मिळाली ती सुमारे ६५० एकर. ऐकायला राजेशाही, प्रत्यक्षात जमीन उजाड आणि चढउताराची होती, आणि जळगावचा उन्हाळा हा वेगळा प्रकरण आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेथे पाणी अडवणे, मुरवणे आणि झाडे लावणे ही कामे इमारतींइतकीच महत्त्वाची ठरली. आज त्या आवारात सावली आहे. ती कोणी वारशाने दिलेली नाही.

विभागांची रचनाही जुन्या विद्यापीठांपेक्षा थोडी निराळी ठेवली गेली. सुटे सुटे विभाग काढण्याऐवजी जवळच्या विषयांना एकत्र बांधणाऱ्या ‘प्रशाळा’ आल्या: रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, गणित, पर्यावरण आणि भूविज्ञान, संगणक, भाषा. १९९४ मध्ये रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था सुरू झाली. अन्न, तेल, रंग, प्लास्टिक हे तिचे विषय पाहिले की हे जळगावचेच विद्यापीठ आहे हे पटते. ज्या भागात तेलाच्या घाण्या, डाळ मिल आणि प्लास्टिकच्या नळ्यांचे कारखाने आहेत, तेथे हे विषय कोणी पुस्तकातून उतरवून आणलेले नाहीत.

आणि अमळनेर? ते तत्त्वज्ञान मंदिर प्रताप तत्त्वज्ञान केंद्र या नावाने विद्यापीठाच्या कक्षेत आले. पायाविना उभा राहिलेला कळस असा चौऱ्याहत्तर वर्षांपेक्षा अधिक काळाने पायाशी जोडला गेला. मधल्या काळात त्याचे ते त्रैमासिक पुण्याकडे गेले होते, हे मात्र राहिलेच.

आता या विद्यापीठाच्या स्वभावाविषयी थोडे स्पष्ट बोलायला हवे. आवार कितीही देखणे असले तरी विद्यापीठाचा बहुतेक विद्यार्थी तेथे शिकत नाही. तो पारोळ्याला, दोंडाईच्याला, रावेरला, तळोद्याला एखाद्या संलग्न महाविद्यालयात असतो. त्याच्या लेखी विद्यापीठ म्हणजे परीक्षेचा अर्ज, हॉलतिकीट, प्रश्नपत्रिकेवरचे शीर्षक आणि निकालाचा दिवस. कित्येकांना तीन वर्षांत त्या आवारात पाऊल टाकण्याची वेळही येत नाही. १८५७ चा लंडनचा नमुना येथे अजून श्वास घेतो आहे. निकाल लांबला की वर्तमानपत्रे विद्यापीठाला धारेवर धरतात. निकाल वेळेवर लागला की कोणी काही म्हणत नाही. संलग्न विद्यापीठाचे बरेचसे आयुष्य या अदृश्य कामात जाते आणि संशोधनासाठी उरते ते त्यातून वाचलेले. यावर जोरकस टीका होते, ती योग्यही आहे. पण १९९० च्या आधी जी मुलगी शिरपूरला बी.ए. करत होती, तिच्या बाजूने पाहिले तर हेच अदृश्य काम चारशे किलोमीटर जवळ येणे ही तिच्या आयुष्यातली मोठी घटना होती. ज्याला पुण्यात मामा होता, त्याला हा फरक कळणार नाही.

पुढे या पसाऱ्यातून काही शाखा निघूनही गेल्या. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये तिकडे संलग्न झाली. नंतर अभियांत्रिकीच्या कित्येक महाविद्यालयांनी रायगड जिल्ह्यातल्या लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाची वाट धरली. म्हणजे जळगावातल्या मुलाची अभियांत्रिकीची पदवी पुन्हा घाट उतरून कोकणात गेली! अंतर मिटवण्यासाठी जन्मलेल्या विद्यापीठाच्या अंगणात हा प्रकार घडावा, यावर काय बोलावे?

आणि जे अंतर पुण्याबाबत होते, तेच थोड्या लहान मापाने जळगावबाबतही उरले. धुळे जळगावपासून सुमारे ९० किलोमीटर. नंदुरबार दीडशेहून अधिक. अक्कलकुवा, धडगाव त्याहून पुढे. नंदुरबार हा बहुसंख्य आदिवासी लोकसंख्येचा जिल्हा. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजांच्या मुलांसाठी गिरणेकाठ आणि मुळा-मुठेचा काठ यांत फरक आहे, पण तो वाटतो तितका मोठा नाही. विद्यापीठाने नंदुरबारला आदिवासी अकादमी काढली ती यातूनच. तिच्याकडून पुष्कळ काम होणे बाकी आहे. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा जो खंड १९०७ मध्ये निघाला, त्यात भिल्ली बोली आणि खानदेशी एकाच भागात मांडल्या आहेत. मराठीचा खंड त्यांनी वेगळा केला. त्यांचे वर्गीकरण मान्य करावे की नाही, हा वाद आहे. परंतु तो वाद नीट घालण्यासाठी लागणारे शब्दसंग्रह, ध्वनिमुद्रणे, व्याकरणे तयार करण्याची जागा आता लंडन किंवा पुणे नव्हे, ती याच तीन जिल्ह्यांत आहे.

बोलीचा विषय निघाला की बहिणाबाई येतात.

त्यांचा जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याचा. लग्न होऊन जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. तरुण वयात वैधव्य, भाऊबंदकीतल्या वाटण्या, शेतीचे कष्ट. काम करता करता त्या ओव्या रचून म्हणत, आणि घरातल्या कोणी त्यांतल्या काही टिपून ठेवल्या. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी स्वतः नावाजलेले कवी होते. त्यांनी आईच्या या रचना आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आले. कवयित्री जिवंत असताना महाराष्ट्राला तिचे नाव ठाऊक नव्हते. वर्षभरात ते घरोघर गेले. जे टिपले गेले नाही ते कायमचे गेले, हेही त्याच गोष्टीत आहे.

एक छोटी दुरुस्ती येथे करून टाकणे बरे. बहिणाबाईंची भाषा अहिराणी असल्याचे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते. जळगावच्या पूर्वेकडील लेवा समाजाची जी गणबोली आहे, तिच्याशी ती भाषा निगडित आहे; धुळे-साक्रीकडच्या अहिराणीशी ती एक नव्हे. खानदेशात दर पन्नास किलोमीटरवर भाषा कूस बदलते.

२०१८ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात विद्यापीठाला स्त्रीचे नाव असणे तोवर नवे राहिले नव्हते. मुंबईचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ जुने. ते नाव मुलाने दिलेल्या देणगीबरोबर आले. पुण्याला २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले, ते शिक्षणासाठी केलेल्या झुंजीमुळे. २०१९ मध्ये सोलापूरला अहिल्यादेवींचे मिळाले, त्या राज्यकर्त्या. बहिणाबाईंकडे ना देणगी, ना शाळा, ना राज्य. त्यांच्याकडे फक्त रचना होती, आणि ती लिहून ठेवायला दुसऱ्याचा हात लागत होता. ज्या संस्थेचा सारा कारभार लेखी परीक्षेवर चालतो, तिच्या दारावर हे नाव आहे. नामकरणे राजकारणातून होतात, यात नवल नाही. पण हे नाव एकदा लागल्यावर ते विद्यापीठाला रोज थोडे अडचणीत टाकते, आणि ही अडचण चांगली आहे. असोद्याच्या एखाद्या शेतकरी बाईला जे ठाऊक आहे आणि जे तिला लिहिता येत नाही, त्याला गुण कसे द्यायचे?

विद्यापीठ झाल्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. गुणपत्रिका पुण्याला जात नाही. मुले मात्र अजून जातात: स्पर्धा परीक्षांच्या क्लाससाठी, कंपन्यांसाठी, मोठ्या शहरातल्या त्या मोकळ्या हवेसाठी. भुसावळ, जळगाव, मनमाड, दौंड अशी वाट धरणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस संध्याकाळी खानदेशातून निघते तेव्हा तिच्या जनरल डब्यात पाठीवर सॅक घेतलेली पोरे दाटीने उभी असतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या फाइलमध्ये आता बांभोरीजवळच्या त्या लांब नावाची पदवी असते.